पाठ फिरवलेला मनोरा: दिल्लीचा अलाई मिनार दाखवताना आलेल्या पेचाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दिल्लीत राहणाऱ्या मराठी मंडळींचा आमचा एक लहान गट आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या शाळांच्या सहली, ज्येष्ठ नागरिकांचे गट, कधी दोन-तीन कुटुंबे मिळून आलेली माणसे, अशांना सुटीच्या दिवशी आम्ही दिल्लीतल्या जुन्या वास्तू मराठीतून दाखवतो. पैसे घेत नाही. गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे काकू म्हणतात. आयुष्यभर इतिहास शिकवलेले एक सर आहेत, स्थापत्यशास्त्र शिकणारी एक मुलगी आहे, आणि मी. माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि सहलींचे तपशील इथे दिलेले नाहीत. वास्तूंविषयी जे लिहिले आहे ते मात्र जसेच्या तसे आहे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी असते ती मेहरौलीतल्या कुतुब संकुलाला. १९९३ साली ते जागतिक वारसा यादीत गेले. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आधीपासून एकच चित्र असते: ७२.५ मीटर उंचीचा, पायथ्याशी १४.३२ मीटर व्यासाचा आणि माथ्यावर २.७५ मीटरपर्यंत निमुळता झालेला कुतुबमिनार. कुतुबुद्दीन ऐबकाने त्याचा पहिला मजला उभारला, इल्तुतमिशने पुढचे तीन चढवले. चौदाव्या शतकात वीज पडून माथा ढासळला, तेव्हा फिरोजशहा तुघलकाने वरचा भाग नव्याने बांधून पाच मजले केले. म्हणजे ज्याला आपण पूर्ण मनोरा म्हणतो तोही एका माणसाच्या हातून, एका काळात पुरा झालेला नाही.

त्याच आवारात कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या उत्तरेला दुसरा मनोरा आहे, तोच अलाई मिनार. अलाउद्दीन खिलजीने चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो बांधायला घेतला. ही मशीद आणखी मोठी करायची, तिला भव्य दरवाजे करायचे आणि जुन्या मिनारच्या दुप्पट घेराचा, त्याच प्रमाणात उंच असा नवा मिनार उभारायचा, अशी ती योजना होती. सुलतानाच्या या हुकमाची नोंद अमीर खुसरोने करून ठेवली आहे. योजनेतला दक्षिणेकडचा अलाई दरवाजा १३११ मध्ये तयार झाला. मिनार पहिल्या मजल्यापर्यंत, सुमारे २४.५ मीटर चढला. १३१६ मध्ये सुलतान गेला आणि काम तिथेच थांबले.

पुढची चार वर्षे दिल्लीच्या गादीवर नुसती ओढाताण होती. सेनापती मलिक काफूरने सुलतानाच्या लहानग्या मुलाला गादीवर बसवले आणि थोड्याच दिवसांत तो स्वतः मारला गेला. मग मुबारकशहा आला, त्याचाही १३२० मध्ये खून झाला. त्यानंतर आलेल्या घियासुद्दीन तुघलकाने आपली शक्ती तुघलकाबादच्या नव्या शहरात घातली. दुसऱ्याचा अर्धा मनोरा पुरा करण्यात कोणालाच रस नव्हता.

अडचण काय होती

आमच्या जुन्या फेरीत अलाई मिनार शेवटी यायचा. तोवर सगळे दमलेले असायचे. आधी कुतुबमिनार, मग लोहस्तंभ, मग इल्तुतमिशची कबर, मग अलाई दरवाजा. शेवटी या मनोऱ्यापाशी पोहोचल्यावर लोक पाण्याच्या बाटल्या काढत आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहत, कारण तिथून कुतुबमिनारचा फोटो छान येतो. हे मी वर्षानुवर्षे पाहिले. मला त्याचे वाईट वाटायचे, पण दोष लोकांचा नव्हता. आम्हीच त्यांना त्या मनोऱ्याविषयी पाहण्यासारखे काही सांगत नव्हतो.

आम्ही सांगत होतो एक म्हण. सुलतानाला दुप्पट मोठा मनोरा हवा होता, तो मेला, मनोरा राहिला, गर्वाचे घर खाली. ऐकणारे माना डोलवत आणि फाटकाकडे वळत. त्यात चूक अशी नव्हती, पण ही म्हण उच्चारली की बघणे संपायचे. तात्पर्य कळल्यावर दगडाकडे कोण पाहणार? शिवाय ती म्हण कुठल्याही अर्धवट वास्तूला लागू पडते. विजापूरची बारा कमान घ्या. दुसऱ्या अली आदिलशहाची कबर, १६७२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर अपुरीच राहिली, काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी उभ्या आहेत. तिथेही हेच सांगता येते. मग या मनोऱ्याचे स्वतःचे असे काय?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती आणि ती माझ्या हातून झाली होती. मनोरा असा ओबडधोबड का, असे कोणी विचारले की मी सांगायचो, बाहेरचा घडीव दगड काळाच्या ओघात पडला, काही लोकांनी काढून नेला. कुठे वाचले म्हणून नव्हे, तर पडक्या वास्तूंविषयी असेच सांगायची जीभेला सवय लागली होती म्हणून.

ही चूक उघडी पाडली एका गवंड्याने. मराठवाड्यातून आलेल्या एका कुटुंबाच्या फेरीत ते होते. उमर साठीच्या आसपास, फारसे बोलत नव्हते. कुतुबमिनारपाशी त्यांनी मान वर करून फक्त सांधे पाहिले. अलाई मिनारपाशी मी माझे नेहमीचे सांगून झाल्यावर ते बाजूला येऊन हळूच म्हणाले, "दादा, चिरा पडला असता तर त्याची खोबण राहिली असती. बंधाचे दगड तुटून आत अडकलेले दिसले असते. इथं तसं काही नाही. ह्याला चिरा लागलाच नाही. हा नुसता गाभा आहे."

मग थोडे थांबून म्हणाले, "पण आमच्याकडं भर आणि दर्शनी दगड बरोबरच चढवतात. ह्यांनी एकटा गाभाच एवढा वर कसा नेला?"

त्या दिवशी संध्याकाळी मी सरांना फोन केला. ते म्हणाले, गवंडी बरोबर आहेत. दर्शनी दगड चढवायच्या आधीच काम थांबले, हे तर जाणकारांचे सरळ मत आहे, आणि तू इतकी वर्षे भलतेच सांगत होतास. ते रागावले नव्हते. पण मला ते लागले.

कोणते पर्याय समोर होते

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघे बसलो. फेरीत अलाई मिनारचे काय करायचे, एवढाच विषय. बैठक तीन तास चालली.

काकूंचे म्हणणे होते की तो सरळ वगळावा. ज्येष्ठांचे पाय दुखतात, मुलांचे लक्ष उडते, आणि चार गोष्टी नीट दाखवणे हे सहा गोष्टी घाईने दाखवण्यापेक्षा बरे. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. कुतुबमिनारवर चढता येत असे तेव्हा लोकांना त्यातून काही तरी अनुभव मिळायचा. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतल्या जिन्यात दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण मेले, त्यांत शाळकरी मुले बरीच होती. तेव्हापासून तो जिना बंद आहे, आणि बंद आहे हेच योग्य. पण त्यामुळे संकुलातली सगळी भेट म्हणजे खालून वर बघणे एवढीच उरली आहे. त्यात एक ओबडधोबड ढीग कशाला वाढवायचा, असा त्यांचा प्रश्न.

स्थापत्य शिकणाऱ्या मुलीचा विचार अगदी उलटा होता. तिने मनोरा पुरा झाला असता तर कसा दिसला असता याची चित्रे काढून आणली होती. दुप्पट उंची म्हणजे १४५ मीटर. एका चित्रात पाच मजले, एकात सात, एकात माथ्यावर घुमटी. तिचे म्हणणे, टॅबलेटवर हे चित्र दाखवले की मुले तोंडात बोटे घालतील. घातली असती, यात शंका नाही. मला ती चित्रे फार आवडली आणि मी लगेच हो म्हणणार होतो.

सरांनी विरोध केला. ते म्हणाले, "मूळ आराखडा आपल्या हाती नाही. मग पाच मजले खरे की सात? मुलं चित्र बघतील आणि घरी जाऊन तेच आठवतील. समोरचा दगड विसरतील." मग ते म्हणाले, याचे उत्तर त्याच आवारात हिरवळीवर ठेवलेले आहे.

ते सांगत होते त्या छत्रीविषयी. १८०३ च्या भूकंपात कुतुबमिनारच्या माथ्यावरची घुमटी कोसळली. पुढे बंगाल इंजिनियर्समधल्या मेजर रॉबर्ट स्मिथने मिनारची दुरुस्ती केली आणि १८२८ मध्ये त्याच्या माथ्यावर आपल्या कल्पनेने एक छत्री बसवली, बंगाली छपराच्या धाटणीची. दुरुस्ती म्हणून त्याने केलेले बाकीचे काम उपयोगी होते. छत्री मात्र त्या मिनारला शोभत नव्हती आणि तिला पुरावाही नव्हता. १८४८ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंजच्या हुकमाने ती खाली उतरवली. आज ती आवाराच्या एका बाजूला हिरवळीवर उभी आहे आणि बहुतेक लोक तिला बसायचा मंडप समजतात. अंदाजाने पुरे करायला गेले की काय होते याचा पुरावा दगडात उभा असताना आपण पुन्हा तेच टॅबलेटवर करायचे का, असे सरांनी विचारले. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतही हेच तत्त्व आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्उभारणी थांबली पाहिजे. चित्र काही दगडाइतके नुकसान करत नाही, हे मला तेव्हाही वाटत होते आणि अजून वाटते. पण छत्रीचा दाखला मला खोडता आला नाही.

तिसरा पर्याय माझा होता आणि तो मी बराच वेळ सोडला नाही. अलाउद्दीन म्हटले की मराठी माणसाला देवगिरी आठवते. १२९६ मध्ये कडा प्रांताचा सुभेदार असताना त्याने देवगिरीवर अचानक स्वारी केली, रामदेवराय यादवाकडून प्रचंड खंडणी घेतली, आणि त्याच वर्षी चुलत्याचा खून करून दिल्लीची गादी मिळवली. त्या लुटीचा गादीच्या वाटेत मोठा हात होता. पुढे १३०७ मध्ये मलिक काफूर पुन्हा देवगिरीवर आला, मग वारंगळ, मग द्वारसमुद्र आणि त्याच्याही दक्षिणेला. १३११ मध्ये तो अगणित संपत्ती घेऊन दिल्लीत परतला. आणि मिनारचे काम याच सुमाराला सुरू झालेले. देवगिरीच्या सोन्यावर उभा राहिलेला मनोरा! फेरीतल्या प्रत्येक माणसाने कान टवकारले असते. मी तसे वाक्य लिहूनही ठेवले होते.

काकूंनी ते वाचले आणि विचारले, "हे सोनं ह्याच दगडात गेलं, असं कुठे लिहिलंय का रे?" लिहिलेले नव्हते. सैन्य, मंगोल स्वाऱ्यांचा बंदोबस्त, सिरीचा कोट, मोठा हौज, अशा कितीतरी गोष्टींवर त्याच कारकिर्दीत खर्च झाला होता. कुठला पैसा कुठे गेला हे सांगणारी खतावणी नाही. शेजारी ठेवलेल्या दोन तारखांमध्ये मी एक ‘म्हणून’ घुसवत होतो, आणि तो ‘म्हणून’ माझ्याच लोकांना आवडेल हे ठाऊक असल्यामुळे घुसवत होतो. ते वाक्य मी खोडले. खोडताना वाईट वाटले, हे खरे आहे.

चौथा पर्याय त्या गवंड्याच्या वाक्यातच होता. मनोऱ्याकडे न झालेली वास्तू म्हणून न बघता चालू काम म्हणून बघायचे. बांधकाम जिथे थांबले तिथे ते आतून उघडे आहे. कुतुबमिनारचा गाभा आपल्याला कधीच दिसणार नाही, कारण तो तांबड्या वालुकाश्माने मढवलेला आहे. इथे तो नुसता समोर आहे.

काय ठरले, कसे केले

चौथा पर्याय घ्यायचा ठरले. आधी नुसते सांगणे बदलायचे असे वाटले होते, पण प्रत्यक्षात फेरीचा सगळा क्रमच बदलावा लागला.

आता आम्ही कुतुबमिनारच्या पायथ्याशी लोकांना उंचीविषयी काहीच सांगत नाही. खालच्या मजल्याच्या उभ्या पाकळ्या बघायला सांगतो, एक गोल, एक टोकदार, पुन्हा गोल. मग कोरीव अक्षरांचे पट्टे. आणि मग दोन चिऱ्यांमधला सांधा. एवढे पाहिले की दर्शनी दगड म्हणजे काय हे न सांगता कळते.

तिथून स्मिथच्या छत्रीपाशी जातो. पूर्वी आम्ही तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हतो. आता तिथे पाच मिनिटे.

मग मशिदीचे खांब. घंटा, साखळ्या, कीर्तिमुखे कोरलेले ते खांब मूळचे देवळांचे आहेत हे कोणालाही दिसते. सत्तावीस देवळांचे साहित्य वापरल्याची नोंद मशिदीच्या पूर्व दरवाज्यावरच्या लेखातच आहे. पूर्वी आम्ही हे कोणी विचारले तरच सांगायचो, आणि मग प्रश्न रागाने यायचा. आता आपण होऊन, स्पष्ट शब्दांत, खांबांसमोर उभे राहून सांगतो. सांगून थोडा वेळ गप्प राहतो. लोकांना जे वाटायचे ते वाटू देतो. हा बदल सरांनी सुचवला. फेरीतले सगळ्यात अवघड पाच मिनिटांचे काम तेच आहे, आणि ते त्यांच्याइतके शांतपणे मला अजून जमत नाही.

त्यानंतर अलाई दरवाजा, आणि तिथून थेट अलाई मिनार. या दोन वास्तू पाठोपाठ आणणे हा सगळ्या बदलातला कळीचा निर्णय होता आणि तो त्या स्थापत्य शिकणाऱ्या मुलीचा. तिची चित्रे नाकारल्यावर ती दोन दिवस बोलली नव्हती. मग तिने फोन करून सांगितले, "मनोऱ्यावर काय मढवलं असतं त्याची कल्पना कशाला करायची? त्याच माणसाने, त्याच वर्षांत, त्याच योजनेत केलेलं तयार काम त्याच आवारात उभं आहे." अगदी खरे होते. दरवाज्यावर तांबडा वालुकाश्म आणि पांढरा संगमरवर यांची वीण आहे, नाजूक जाळ्या आहेत, कमानीच्या आतल्या कडेला कळ्यांची झालर आहे. त्या नक्षीच्या आतला गाभा दिसत नाही. मिनारपाशी गाभा दिसतो आणि नक्षी नाही. एक बघून लगेच दुसरे पाहिले की डोळा आपोआप दोन्ही जोडतो. कोणाचेही चित्र लागत नाही.

मिनारपाशी आता पंधरा मिनिटे थांबतो. पहिली दोन-तीन मिनिटे कोणी काही बोलायचे नाही. मग विचारतो, काय दिसते? डबर, चुना, थर. उभ्या पाकळ्यांची घडण गाभ्यातच घातलेली आहे, हे मुले मोठ्यांच्या आधी ओळखतात. म्हणजे बाहेरचा आकार आतूनच ठरवून वर नेत होते. थोडे मागे गेले की मशिदीच्या वाढवायला घेतलेल्या भागाच्या कमानींचे उरलेले पाय दिसतात, आणि थांबलेला मनोरा हा एकटा नव्हता, एक अख्खे बांधकामाचे मैदान एकाच वेळी थांबले, हे ध्यानात येते.

इथेच आम्ही दुसऱ्या दोन अपुऱ्या मनोऱ्यांचे फोटो दाखवतो. उझबेकिस्तानातल्या खिवा शहरात काल्ता मिनोर आहे. खान मुहम्मद अमीनने १८५१ मध्ये बांधायला घेतला, १८५५ मध्ये तो लढाईत मारला गेला आणि काम थांबले. उंची तीस मीटरही नाही, म्हणजे अलाई मिनारच्या फारशी पुढे नाही. पण तो खालपासून वरपर्यंत निळ्या-हिरव्या फरशांनी मढलेला आहे, कारण तिथे काम चढत गेले तसा साज चढत गेला. मोरोक्कोची राजधानी रबात इथला हसन मनोरा तसाच. सुलतान याकूब अल-मन्सूर ११९९ मध्ये गेला तेव्हा तो ४४ मीटरवर थांबला, पण जिथवर चढला तिथवर त्याच्या अंगावर नक्षी आहे. दिल्लीत गाभा आधी वर गेला आणि साज मागे राहिला. म्हणून खिवाचा मनोरा ठेंगणा पण नटलेला दिसतो, आणि आपला उघडा. काम कुठल्या क्रमाने चालले होते, यावर अपुरेपणाचे रूप ठरते. गवंड्याने विचारलेला प्रश्न इथे आम्ही त्यांच्याच शब्दांत लोकांपुढे ठेवतो.

देवगिरीचे काय केले? ते काढून टाकले नाही. १२९६, १३०७, १३११, १३१६ या चार तारखा सांगतो आणि थांबतो. कोणी विचारले की आमच्या देवगिरीच्या पैशातून हे झाले का, तर सांगतो की तसा हिशेब नाही, आणि तोच पैसा आणखी किती ठिकाणी जाऊ शकत होता हेही सांगतो.

शाळांसाठी एक गोष्ट जास्तीची केली. सहल जिथे उतरते तिथल्या मैदानात आदल्या संध्याकाळी चुन्याच्या फक्कीने दोन वर्तुळे आखतो. एक कुतुबमिनारच्या पायथ्याएवढे; त्याचा घेर सुमारे ४५ मीटर भरतो. दुसरे दुप्पट घेराचे, ९० मीटर. पहिल्यावर मुले हात धरून उभी राहतात आणि घेर पुरा होतो. दुसऱ्यावर तीच मुले उभी केली की निम्मे वर्तुळ मोकळे राहते. दुसऱ्या दिवशी मिनारपाशी गेल्यावर मोठा होता हे सांगावे लागत नाही.

काय झाले

लोक आता मनोऱ्याकडे तोंड करून उभे राहतात. हा मला सगळ्यात मोठा बदल वाटतो.

बाकीचे सगळेच चांगले झाले असे नाही. फेरी अर्ध्या तासाने लांबली आणि लोहस्तंभाचा वेळ कमी झाला. सात मीटरहून उंच, दीड हजार वर्षांत न गंजलेला स्तंभ बघायला काही माणसे खास आलेली असतात. त्यांची नाराजी रास्त आहे. एका ज्येष्ठ गृहस्थांनी देवळांच्या खांबांविषयी आम्ही फार कमी बोललो अशी तक्रार केली, तर त्याच फेरीतल्या एका ताईंनी तो विषय काढायलाच नको होता असे सांगितले. दोघांशीही सर नंतर बराच वेळ बोलत बसले. दोघांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही.

खिवा आणि रबातचे फोटो पहिल्या काही फेऱ्यांत वाया गेले. दिल्लीच्या उन्हात टॅबलेटवर काही दिसत नाही. मग छापून घेतले.

आणि मुले तरीही विचारतातच: पुरा झाला असता तर केवढा झाला असता? आम्ही १४५ मीटर हा आकडा सांगतो, दुपटीच्या हुकमावरून काढलेला आहे हेही सांगतो. एका शाळेच्या फेरीत काकूंनी अचानक मुलांना कागद दिले आणि म्हणाल्या, तुम्हीच काढा. चाळीस मुलांनी चाळीस मनोरे काढले. एकाचे दुसऱ्याशी जुळत नव्हते. ते सगळे कागद हिरवळीवर शेजारी शेजारी मांडले आणि सर पहिल्यांदाच म्हणाले की चित्राला आता त्यांची हरकत नाही. एक चित्र दाखवले की ते खरे वाटते. चाळीस दाखवली की अंदाज हा अंदाजच आहे हे दिसते.

पुन्हा करायचे झाले तर

दुरुस्ती आम्ही फार उशिरा केली. इतकी वर्षे पडलेल्या, चोरलेल्या दगडांची गोष्ट ज्यांना सांगितली, त्यांच्यापर्यंत आता पोहोचता येत नाही. ज्या शाळांचे पत्ते होते त्यांना मी पत्रे लिहिली. दोन शिक्षकांचे उत्तर आले. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते, पण मी महिनाभर टाळले.

दुसरे म्हणजे, बांधकाम करणाऱ्या माणसाला आम्ही योगायोगाने ऐकले. ते कुटुंब त्या दिवशी आले नसते तर आम्ही अजून म्हणच सांगत असतो. इतिहासाची पुस्तके वाचणारे आम्ही चौघे, पण ओळंबा हातात धरलेला आमच्यात कोणी नाही. आता नवी वास्तू घेताना एकदा तरी गवंडी किंवा पाथरवट बरोबर नेतो. खर्च येतो, वेळ जुळत नाही, आणि त्यांची दिवसाची मजुरी द्यावी लागते. ती द्यायलाच हवी. आम्ही फुकट करतो म्हणून त्यांनीही फुकट यावे, असा विचार सुरुवातीला आमच्या मनात आला होता. तो चुकीचा होता.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. त्या मुलीची पहिली चित्रे चांगली होती आणि आम्ही ती फार तडकाफडकी बाजूला सारली. सरांचे तत्त्व बरोबर होते, पण तिला मांडायला पुरते मिळाले नाही. मुलांच्या चित्रांनंतर ती म्हणते की तिचेही एक चित्र त्या चाळिसांत ठेवावे, एकेचाळिसावे म्हणून. सर म्हणतात, नको, तिचे रेखाटन इतके सफाईदार आहे की बाकीची चाळीस त्यापुढे पुसली जातील. काकू तिच्या बाजूने आहेत, मी अजून ठरवलेले नाही. तोवर ती ते चित्र पिशवीत घेऊन येते. फेरी संपल्यावर मेट्रो स्थानकाकडे चालताना कोणी आपण होऊन विचारले तर काढून दाखवते, आणि दाखवताना आधी सांगते की सातवा मजला मी माझ्या मनाने घातला आहे.